टेंभी नाक्यावरची आर्माडा, डोंबिवलीतली प्यूजो आणि अमेरिकेची जुनी तक्रार

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा. विषय गाड्यांचा वाटेल, पण शेवटी तो आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या रोजगाराचाच आहे.

2025 मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर 25 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा ट्रम्प यांची एक तक्रार जगभर गाजली. आम्ही युरोपच्या गाड्या लाखोंनी विकत घेतो आणि युरोप मात्र आमच्या गाड्यांना दारात उभं करत नाही, असा तिचा सूर. कारणही सांगितलं गेलं: युरोप अमेरिकन गाडीवर 10 टक्के शुल्क घेतो, अमेरिका युरोपच्या गाडीवर फक्त अडीच टक्के घेत होती. अन्याय दिसतोय ना? आता दुसरी बाजू. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या पिकअप ट्रकवर 1964 पासून 25 टक्के शुल्क आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याचा सूड म्हणून हे सुरू झालं. म्हणून तिकडे त्याला आजही ‘कोंबडी कर’ म्हणतात. कोंबड्यांचं भांडण केव्हाच मिटलं, कर तसाच राहिला. ठाणेकरांना हे नवं नाही. नाका एकदा बसला की तो उठत नाही, हे आपण जकातीच्या जमान्यात पाहिलंय.

त्याच 2025 च्या जुलैमध्ये टेस्लाने मुंबईत बीकेसीला दुकान उघडलं, आणि सप्टेंबरमध्ये तिथली पहिली गाडी घेतली ती आपल्या ठाण्याचे आमदार आणि राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी. बातम्या झाल्या, फोटो फिरले. अमेरिकन गाडी ठाण्यात आली, असं वाटावं असं वातावरण होतं.

पण अमेरिकन गाडी ठाण्यात फार आधी आलेली आहे. ती टेंभी नाक्यावर आनंद आश्रमाच्या दारात उभी असायची. दिघेसाहेबांची आर्माडा. जुन्या ठाणेकरांनी ती डोळ्यांनी पाहिली, नव्या पिढीने 2022 च्या ‘धर्मवीर’ सिनेमात पाहिली. राजकारण आज बाजूला ठेवू, फक्त गाडीकडे बघू. ती महिंद्राची, पण तिचं कूळ अमेरिकन जीपचं. आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन होतं ते प्यूजो घराण्यातलं, म्हणजे फ्रेंच. अमेरिकन सांगाडा, युरोपियन इंजिन, मराठी मुलखातले कारागीर. अमेरिकन गाडी परदेशात केव्हा चालते आणि केव्हा अडते, याचं उत्तर या एका गाडीत आहे. तिथपर्यंत जाण्यासाठी आधी युरोपात जाऊन येऊ.

पहिला धडा : विलायतेतला

फोर्डची मॉडेल टी जगातली सगळ्यात गाजलेली गाडी. फोर्डने 1911 मध्येच इंग्लंडात मँचेस्टरला ती जोडायला सुरुवात केली आणि सुरुवातीला मैदान मारलं. मग ब्रिटिश सरकारने दोन गोष्टी केल्या. 1915 मध्ये बाहेरच्या गाड्यांवर 33 टक्क्यांच्या वर शुल्क बसवलं. पण खरा दणका होता 1921 पासूनचा रस्ता कर. तो इंजिनाच्या ‘घोड्यांवर’ होता, एका घोड्याला वर्षाला एक पौंड. आणि हे घोडे मोजायचं सूत्र असं, की त्यात फक्त सिलिंडरचा व्यास आणि संख्या धरायची. अमेरिकन इंजिनं रुंद सिलिंडरची, म्हणून कागदावर त्यांचे घोडे जास्त भरायचे. मॉडेल टीच्या मालकाला वर्षाला 23 पौंड मोजावे लागायचे. 1922 मध्ये आलेल्या चिमुकल्या ऑस्टिन सेव्हनला फक्त 8 पौंड.

आता इथे नीट बघा. मॉडेल टी मँचेस्टरमध्येच जोडली जात होती, तरी ती मागे पडली. 1924 मध्ये मॉरिस ही देशी कंपनी फोर्डच्या पुढे गेली. म्हणजे फक्त तिथे नेऊन जोडली एवढ्याने भागलं नाही. गाडी कापली होती अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या मापाने. मोठं शेत, लांब रस्ता, स्वस्त पेट्रोल. इंग्लंडात गल्ल्या अरुंद, पेट्रोल महाग आणि पगार बेताचा.

फोर्डने तक्रार करत बसण्याऐवजी शिंपी बदलला. 1932 मध्ये खास युरोपच्या मापाची छोटी गाडी आणली, इंजिन फक्त 933 सीसी. लंडनजवळ डॅगनमला नवा कारखाना नुकताच उभा राहिला होता, तिथे ती बनायला लागली. 1935 मध्ये तिची किंमत 100 पौंडांवर आणली. बंद टपाची पूर्ण गाडी या भावात इंग्लंडात दुसरी कुणी दिली नाही. त्या गाडीचं नाव होतं मॉडेल वाय. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जनरल मोटर्सने, आपण जीएम म्हणू, वेगळी वाट धरली. 1925 मध्ये इंग्लंडची व्हॉक्सहॉल आणि 1929 मध्ये जर्मनीची ओपेल विकत घेतली आणि त्यांच्याच नावाने धंदा केला. पुढची कित्येक दशकं युरोपात अमेरिकन कंपन्यांच्या गाड्या धो धो खपल्या. फक्त त्यांच्यावर अमेरिकन असल्याची पाटी नव्हती. कॉर्टिना, एस्कॉर्ट, फिएस्टा या फोर्डच्या गाड्या इंग्रज माणसाला आपल्याच वाटायच्या. अमेरिकेतून बोटीत घालून आणलेली लांबलचक गाडी मात्र हौशी लोकांपुरती राहिली. शुल्क 10 टक्के असो की शून्य, इटलीतल्या गल्लीत साडेपाच मीटरची गाडी वळत नाही ती नाहीच वळत.

तिसरी मोठी कंपनी क्रायस्लर. हिची गोष्ट जरा तपशिलात सांगतो, कारण तिचा धागा थेट डोंबिवलीपर्यंत येतो. क्रायस्लर युरोपात उशिरा उतरली. 1963 मध्ये फ्रान्सची सिम्का ताब्यात घेतली, आणि 1967 पर्यंत इंग्लंडचा रूट्स गट. रूट्स म्हणजे हिलमन गाड्यावाले. आपल्या भांडुपची एपीआय, जिने पुढे लॅम्ब्रेटा स्कूटर बनवली, तिची मुळंसुद्धा याच रूट्सपाशी जातात. पण क्रायस्लरचा संसार जमला नाही. वेगळे देश, वेगळे कारखाने, वेगळ्या सवयी आणि मालक अमेरिकेत बसलेला. तोटा वाढत गेला. 1978 मध्ये क्रायस्लरने युरोपातला सगळा पसारा फ्रान्सच्या प्यूजोला विकला आणि घरी गेली.

जाताना मागे कारखाने राहिले, इंजिनिअर राहिले. त्यांनी एका नव्या गाडीचं काम पुढे नेलं. ती ‘टॅल्बोट’ या नावाने यायची होती. क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांना प्यूजोने ते नाव दिलं होतं. पण ते नाव बाजारात चालेना, म्हणून ऐन वेळी तिच्यावर प्यूजोचा सिंह चिकटवला आणि नंबर दिला 309. 1985 मध्ये ती सिम्काच्या जुन्या कारखान्यातून आणि रूट्सच्या जुन्या कारखान्यातून बाहेर पडली. आता 309 हा आकडा डोक्यात ठेवून मुंबईला या.

दुसरा धडा : शिवडी ते कुर्ला

भारतात अमेरिकन गाडीचा कारखाना पहिल्यांदा आला तो मुंबईतच. 1928 मध्ये जीएमने शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. सुटे भाग बोटीने बंदरात यायचे, शेजारीच गाडी उभी व्हायची. फोर्डही मागोमाग आली, पण ती अमेरिकेतून नाही, कॅनडातून. कॅनडा ब्रिटिश साम्राज्यातला देश. साम्राज्यातल्या मालाला सवलत मिळायची, म्हणून फोर्डने हिंदुस्थानचा धंदा कॅनडातल्या कंपनीकडे सोपवला होता. शुल्क चुकवायची वाट शंभर वर्षांपूर्वीही कंपन्यांना बरोबर सापडायची.

घेणारे कोण? संस्थानिक, सरकारी साहेब, व्यापारी, डॉक्टर-वकील. आणि पुढे टॅक्सीवाले. मुंबईच्या रस्त्यावर ब्रिटिश राज्य असलं तरी गाडी मजबूत हवी असेल तर माणूस अमेरिकन घ्यायचा. आपल्या खडबडीत रस्त्यांवर उंच, दणकट अमेरिकन गाडी टिकायची. म्हणजे जी गाडी इंग्लंडच्या मापात बसत नव्हती, ती इथल्या रस्त्याच्या मापात बसत होती. फक्त इथल्या खिशाच्या मापात नव्हती.

गाडी इथेच बनावी, नुसती जोडली जाऊ नये, हे स्वप्न दोन माणसांनी जोर लावून पाहिलं. एक सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, ज्यांनी तीसच्या दशकात अमेरिका-युरोप पालथा घालून मोटार कारखान्याची योजना तयार केली. दुसरे आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद. आधी फोर्डशी बोलणी झाली, फिसकटली. मग क्रायस्लर तयार झाली आणि 1940 च्या सुमारास करार ठरला. बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने या योजनेला पाठबळ दिलं होतं. पण दिल्लीतल्या ब्रिटिश सरकारने महायुद्धाचं कारण पुढे केलं आणि दाद दिली नाही. युद्धाला गाड्या लागतात, पण त्या हिंदुस्थानी माणसाने बनवायला नकोत! शेवटी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर आली.

डॉज, प्लायमाउथ, डिसोटो. नावं तीन, गाडी बहुतेक एकच. क्रायस्लरने एकाच गाडीला वेगवेगळ्या दुकानांसाठी वेगवेगळी पाटी लावली होती. सहा सिलिंडर, इंजिन साडेतीन लिटरच्या वर. ऐसपैस, दोन कुटुंबं बसतील एवढी. आणि पेट्रोल पिणारी.

स्वातंत्र्यानंतर सरकारने तयार गाड्यांची आयात बंद केली. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर धोरण ठरलं की नुसते भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, भाग इथेच बनवायचा कार्यक्रम दाखवा नाहीतर गाशा गुंडाळा. जीएम आणि फोर्डने गाशा गुंडाळला. त्यांचं म्हणणं, एवढ्याशा बाजारासाठी कोण कारखाना टाकणार? व्यापारी हिशेबाने ते चुकीचं नव्हतं. पण त्या निर्णयाने अमेरिकन गाडी आपल्या बाजारातून चाळीस वर्षं बाहेर गेली.

प्रीमियर राहिली, पण तिनेही अमेरिकन गाडीचा हात हळूहळू सोडला आणि इटलीचा धरला. 1954 पासून फियाट 1100. इंजिन 1089 सीसी, म्हणजे प्लायमाउथच्या एक तृतीयांशाहून कमी. पेट्रोल कमी, गल्लीत वळणारी, मध्यमवर्गीयाला झेपणारी. तीच पुढे पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी झाली. डॉज-प्लायमाउथला कुणी हाकललं नाही. छोट्या फियाटने त्यांना बाजारात हरवलं. अमेरिकन माप युरोपियन मापापुढे मुंबईच्या रस्त्यावर हरलं, असंच म्हणायला हवं.

तिसरा धडा : जीपचा

याच मुंबईत, त्याच वर्षांत, आणखी एक अमेरिकन गाडी आली होती. 2 ऑक्टोबर 1945 ला महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी मिळून कंपनी काढली, महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल झाले. इथे 1948 मध्ये कंपनीचं नाव झालं महिंद्रा अँड महिंद्रा. आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावला विलीजची जीप जोडायला सुरुवात झाली.

दोन्ही कंपन्या मुंबईच्या, दोन्हींची सुरुवात अमेरिकन गाडीने, दोन्हींवर तेच परवाने, तेच कोटे, तेच सरकार. म्हणून या दोघींची तुलना मला महत्त्वाची वाटते.

जीपलाही पेट्रोलची तहान मोठी होती. 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल जीप चालवणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं झालं. महिंद्राने काय केलं? आधी आपल्याच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. मग 1979 मध्ये प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि इगतपुरीला इंजिनाचा कारखाना टाकला. कसारा घाट चढून गेलं की लागतो तो. कांदिवली, इगतपुरी, नाशिक असा हा धंदा पसरत गेला. सांगाडा लांबवला, मागे बाकं टाकली. मुरबाड-शहापूरकडे ज्यांनी कमांडरच्या मागच्या फळीवर लटकून प्रवास केलाय, त्यांना यातलं प्रत्येक वाक्य कळेल. अमेरिकेत लष्करासाठी जन्मलेली गाडी इथे लग्नाचं वऱ्हाड आणि बाजारचा भाजीपाला वाहायला लागली. 1993 मध्ये त्यावर बंद टप, दारं, बऱ्या सीटा आल्या आणि तिचं नाव झालं आर्माडा. कार्यकर्ते भरून गावोगाव फिरणाऱ्या पुढाऱ्याला याहून सोयीची गाडी तेव्हा नव्हती.

ही जीप युरोपातही गेली. ग्रीस, फ्रान्ससारख्या देशांत महिंद्राच्या गाड्या थोड्याफार विकल्या गेल्या. म्हणजे अमेरिकन कुळाची, फ्रेंच इंजिनाची, महाराष्ट्रात बनलेली गाडी युरोपात. डेट्रॉईटवाल्यांना जे जड जात होतं, ते छोट्या प्रमाणात का होईना, आपल्याकडच्या कामगारांनी करून दाखवलं.

महत्त्वाचं म्हणजे या वीस-तीस वर्षांत कंपनीचे लोक माप घ्यायला शिकले. 2000 मध्ये बोलेरो आली, 2002 मध्ये स्कॉर्पिओ. ती कुणाच्या परवान्यावरची नव्हती, स्वतः आखलेली होती. आणि 2018 मध्ये तर गंमतच झाली. महिंद्राने अमेरिकेतच, डेट्रॉईटच्या परिसरात, जीपच्या तोंडवळ्याची ‘रॉक्सर’ बनवायला घेतली, तेव्हा जीपचा आताचा मालक कोर्टकचेरीत गेला. ही आमच्यासारखी दिसते, म्हणाला. निकाल महिंद्राच्या विरोधात गेला आणि गाडीचा चेहरा बदलावा लागला. 70 वर्षांपूर्वी धडा देणारा गुरू आता चेल्याच्या विरोधात उभा होता.

चौथा धडा : डोंबिवलीचा

आता आपल्या घराजवळ येऊ. कल्याण-शीळ रस्त्यावरची प्रीमियर कंपनी. डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको. ‘प्रीमियर कॉलनी’, ‘प्रीमियर ग्राउंड’ ही नावं अजून तोंडात आहेत. कुर्ल्यात पद्मिनी बनत होती आणि इकडे प्रीमियरचा दुसरा कारखाना होता.

1991 नंतर बाजार खुला झाला. परदेशी कंपन्या भागीदार शोधत आल्या. प्रीमियरने प्यूजोशी संसार मांडला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात इथे, आपल्या जिल्ह्यात, प्यूजोची गाडी बनायला लागली.

कुठली गाडी? 309.

आता जुळवा. क्रायस्लर युरोपात गेली, हरली, प्यूजोला विकून घरी आली. तिच्या मागे राहिलेल्या कारखान्यांतून आणि माणसांतून जी गाडी जन्मली, ती 309. युरोपात तिचं उत्पादन 1993 मध्ये थांबलं होतं. आणि ती शेवटी कुणाच्या घरी आली? प्रीमियरच्या. ज्या प्रीमियरचा जन्मच क्रायस्लरशी केलेल्या कराराने झाला होता. वालचंदांनी 1940 मध्ये क्रायस्लरचं दार ठोठावलं होतं. पंचावन्न वर्षांनी त्याच क्रायस्लरच्या युरोपातल्या मोडलेल्या संसाराची शेवटची वस्तू डोंबिवलीत आली. हा योगायोग कुणी ठरवून आणला नाही, पण अर्थ त्यात आहे. इतक्या वर्षांनंतरही प्रीमियर दुसऱ्याने कापलेलं कापडच शिवत होती.

309 वाईट गाडी नव्हती. चालवणारे आजही तिच्या सस्पेन्शनची आणि डिझेलच्या ॲव्हरेजची आठवण काढतात. पण भागीदारीत खडा पडला. प्रीमियरने त्याच सुमारास कुर्ल्यात फियाटबरोबर युनोची तयारी केली, म्हणजे प्यूजोच्या थेट स्पर्धकाला त्याच घरात जागा दिली. कामगारांचे वाद सुरू झाले. बाजारात नव्या गाड्या दर वर्षी येत होत्या. दशक संपायच्या आत प्यूजोने अंग काढून घेतलं आणि डोंबिवलीतली गाडी थांबली. पुढे पद्मिनीही थांबली. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा सगळ्यांनी हळहळून फोटो टाकले. डोंबिवलीच्या 309 साठी कुणी फोटो टाकला नाही. आज त्या जमिनीवर टॉवर उभे राहताहेत. जिथे गाडी बनायची तिथे आता गाडी लावायची जागा विकली जाते.

हेच पुन्हा पुन्हा घडलं. फोर्ड 1995 मध्ये महिंद्राबरोबर परत आली आणि नाशिकला एस्कॉर्ट बनवली. तीही युरोपची जुनी एस्कॉर्ट. जीएमने गुजरातमध्ये हालोलला ओपेल ॲस्ट्रा बनवली, तीही जर्मन. 2008 मध्ये जीएमने तळेगावला मोठा कारखाना काढला. तिथली शेवरोले बीट मुळात जीएमच्या कोरियातल्या शाखेची गाडी. पाटी अमेरिकन, आखणी परक्या बाजाराची, आणि मालकाचं अर्धं लक्ष परतीच्या तिकिटाकडे. जीएमने 2017 च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली, तळेगाव काही वर्षं फक्त निर्यातीवर चालवलं आणि 2020 च्या डिसेंबरमध्ये तेही बंद केलं. हजारावर कामगारांनी रोजगारासाठी लढा दिला. आज तो कारखाना ह्युंदाईकडे आहे. फोर्डने 2021 मध्ये भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवायची घोषणा केली. आणि 2017 मध्येच जीएमने युरोपातली ओपेल-व्हॉक्सहॉलही विकली, 88 वर्षांचा संसार. कुणाला? पुन्हा प्यूजोच्याच गटाला.

मग टेस्लाचं काय?

आता मॉडेल वाय हे नाव आठवा. टेस्लाच्या गाडीचं नावही मॉडेल वाय. आणि 2023 मध्ये युरोपात सगळ्यात जास्त खपलेली गाडी हीच होती. अमेरिकन गाडी युरोपात विकली जात नाही, ही तक्रार तिथेच खोटी पडते. 10 टक्के शुल्क तेव्हाही होतंच. पण टेस्लाने 2022 मध्ये बर्लिनजवळ कारखाना सुरू केला होता. 1932 मध्ये फोर्डने जे केलं, तेच 90 वर्षांनी टेस्लाने केलं. नावही तेच निघावं, हा निव्वळ योगायोग.

आपल्याकडे काय झालं? बीकेसीला आलेली मॉडेल वाय चीनमधून, शांघायच्या कारखान्यातून येते. 2025 मध्ये बनून आलेल्या गाडीवर आपल्याकडे किमान 70 टक्के आयातशुल्क होतं, म्हणून किंमत 60 लाखांच्या घरात होती. सरकारने 2024 मध्ये सवलत देऊ केली होती, की इथे ठरावीक गुंतवणूक करा आणि शुल्क 15 टक्के भरा. केंद्रीय अवजड उद्योग मंत्र्यांनी 2025 मध्ये स्पष्टच सांगितलं, टेस्लाला इथे कारखाना काढण्यात रस नाही, दुकानं काढण्यात आहे.

म्हणजे बर्लिनला कारखाना आणि बीकेसीला शोरूम. फरक एवढाच, आणि सगळा फरक तोच.

माझं म्हणणं

सध्या व्यापार कराराच्या बातम्या रोज येतात. अमेरिका म्हणते शुल्क कमी करा, युरोप म्हणतो शुल्क कमी करा. चर्चा चालते ती एवढीच, की अमुक गाडी किती लाखांनी स्वस्त होणार. व्हॉट्सॲपवर त्याचे तक्तेही फिरतात. ग्राहक म्हणून कुणाला स्वस्त गाडी मिळाली तर आनंदच आहे. भिंती घालून घरातला आळशी पोसायचा, असंही माझं म्हणणं नाही. चाळीस वर्षं भिंतीआड राहून आपल्याला तीच पद्मिनी आणि तीच ॲम्बॅसेडर मिळाली, हे विसरून चालणार नाही. भिंत प्रीमियरलाही होती आणि महिंद्रालाही होती. एक आत बसून राहिली, दुसरी आत बसून शिकली.

म्हणून करार होईल तेव्हा तीन प्रश्न विचारले पाहिजेत. गाडी कुठे बनणार? इंजिन, बॅटरी, आखणी यातलं काय आपल्या पोरांच्या हाताला लागणार? आणि मालक उद्या उठून गेला, तर मागे काय उरणार: इगतपुरीसारखी विद्या, की कल्याण-शीळ रस्त्यावरच्यासारखी मोकळी जमीन?

हा प्रश्न डोंबिवली एमआयडीसीतल्या, वागळे इस्टेटमधल्या छोट्या वर्कशॉपवाल्यालाही लागू आहे. मोठ्या कंपनीला सुटा भाग करून देणारा माणूस ती कंपनी गेली की दुसऱ्या दिवशी रिकामा होतो. ज्याच्याकडे ड्रॉइंग स्वतःचं आहे, तो दुसरं गिऱ्हाईक शोधतो. ज्याच्याकडे फक्त दुसऱ्याचं ड्रॉइंग आहे, तो शटर ओढतो.

तेव्हा अमेरिकेची तक्रार ऐकताना हसू येतं, पण आपल्याला हसून सोडून देता येणार नाही. शुल्क बसवायला एक सही पुरते आणि काढायलाही. माप घ्यायला शिकायला तीस वर्षं लागतात. आर्माडा त्या तीस वर्षांची कमाई होती, आणि 309 ती न झाल्याची पावती.

तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका, आजोबा प्रीमियरमध्ये, भांडुपच्या एपीआयमध्ये किंवा महिंद्राच्या कांदिवली-इगतपुरीत कामाला असतील, तर खाली जरूर लिहा. कुठल्या खात्यात होते, काय बनवायचे, कंपनी बंद झाल्यावर काय केलं. पुस्तकात कंपनीचे मालक सापडतात, कामगार सापडत नाहीत. तो इतिहास आपल्याच घरात आहे. पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर भांडायला या. टेंभी नाक्यावर चहा आपल्याकडून.